लॉर्न नदीच्या मध्यापर्यंत

क्लॅरी बॉडनने आयुष्यभर एकच रस्ता केला, आणि त्या रस्त्याने तो स्वतः कधी कुठे गेला नाही.

'केला' म्हणतो ते उगाच नाही. आमच्याकडचा मातीचा रस्ता दर वर्षी नव्याने करावा लागतो. पाऊस येतो, नद्या पात्र सोडून मैलच्या मैल पसरतात, आणि ओसरल्या की रस्त्याच्या जागी घळी, ओंडके आणि गुरांची हाडं उरतात. मग क्लॅरी आपला पिवळा ग्रेडर, पात्याने माती सपाट करणारं यंत्र, बाहेर काढायचा. मागे राहायची गाडी जोडलेली, तिच्यात त्याची बायको एव्हिस, चुलीचं सामान, पाण्याची टाकी. टॉबिन गावाच्या टोकाला माझा पेट्रोलपंप आहे, तिथून त्याचं पातं मातीला लागायचं आणि सगळा कोरडा हंगाम हळूहळू पश्चिमेकडे सरकत राहायचं. लॉर्न नदीपाशी पोचेपर्यंत ढग जमायला लागलेले असत. नदीच्या मध्यावर आमचा जिल्हा संपतो. काठावर कागदासारखी साल सुटणारं एक जुनं झाड आहे, त्याला वळसा घालून क्लॅरी ग्रेडर फिरवायचा आणि घरी यायचा. इतक्या वर्षांत त्या झाडाभोवती चाकांची गोल खाच पडली होती.

पबमध्ये कोणी मुद्दाम विचारायचं, "काय रे क्लॅरी, पलीकडे काय आहे?"

"दुसऱ्याचं काम," तो म्हणायचा, आणि ग्लास उचलायचा.

एव्हिस मात्र पलीकडची होती. पार पलीकडची, व्हिक्टोरिया नदीच्या काठची. तिचा बाप गुरांचे कळप हाकत देशभर फिरायचा. पोरगी मोठी झाली तशी तीही घोड्यावर बसून कळपामागे निघाली, आणि एका हंगामात टॉबिनपर्यंत येऊन क्लॅरीच्या चुलीपाशी थांबली ती कायमची. बापाच्या तळावर गोरखचिंचेची झाडं होती, पोट सुटलेल्या म्हाताऱ्यांसारखी ओळीने उभी. आमच्या बाजूला ते झाड उगवत नाही. कोरड्या दिवसांत त्याच्यावर पान नसतं. पण पावसाच्या आधी उकाडा टिपेला जातो, ढग नुसते गुरगुरतात आणि माणसं एकमेकांवर खेकसतात, त्या दिवसांत संध्याकाळी त्याला पांढरी फुलं येतात, पंजाएवढी. सकाळी ती कोमेजून जातात. एव्हिसचा जन्म त्याच दिवसांतला, त्याच झाडांखाली लावलेल्या तंबूतला.

"मी डोळे उघडले तेव्हा आधी ती फुलंच बघितली," ती सांगायची.

"नुकत्या जन्मलेल्या पोराला काय दिसतंय, डोंबल!" क्लॅरी म्हणायचा.

"तुला आत्ता दिसतं त्यापेक्षा जास्त."

त्या फुलांसाठी माहेरी जायचं, हे दोघांचं लग्नापासून ठरलेलं होतं. पण कोरड्या दिवसांत क्लॅरीचं पातं चालू, आणि तो मोकळा व्हायचा तोवर रस्ताच वाहून जायला आलेला. असं करत दोघांचे केस पिकले. अखेर क्लॅरीने ग्रेडर टेरन्स नावाच्या किनाऱ्याकडून आलेल्या नव्या माणसाच्या ताब्यात दिला आणि म्हणाला, यंदा जायचं.

त्याच वर्षी विमानाने येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरने एव्हिसला तपासलं. नजरेचा मधला भाग जातोय, म्हणाला, कडेचा राहील. किती दिवस, असं तिने विचारलं. "फुलं बघायची असतील तर यंदा बघा," एवढंच तो बोलला.

मग त्यांच्या स्वयंपाकघरात प्रवासाची आखणी सुरू झाली. टेबलावर नकाशा, त्याच्या कोपऱ्यांवर बीन्सचे डबे. मी संध्याकाळी जायचो तेव्हा क्लॅरी घाम पुसत नकाशावर वाकलेला असायचा. टॉबिनपासून लॉर्नपर्यंत त्याचं बोट सरसर जायचं. इथे वाळू, इथे दगड, इथे ओढा वळतो, इथे उजवीकडून जायचं. लॉर्नच्या मध्यावर मात्र ते बोट थांबायचं. पुढे हॉब्लीचं ठाणं, लहानशी वस्ती, तिथे पेट्रोल आणि फोन. त्याच्यापुढे आणखी दोन नद्या आणि मग कुठेतरी डांबर. एकदा डांबराला लागलं की पावसाची भीती नव्हती. पण तिथवर सगळा दुसऱ्याचा रस्ता.

तो येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला माझ्या पंपावर गाठून विचारायचा.

"लॉर्नपलीकडच्या ओढ्याला पाणी किती?"

"गुडघाभर."

तो मान हलवायचा आणि ट्रक गेल्यावर मला म्हणायचा, "गुडघाभर म्हणे. कोणाचा गुडघा? या गड्याची मांडी माझ्या छातीला लागते."

अडचण उघड होती. लवकर निघालं तर झाडं बोडकी, उशीर झाला तर नद्या भरलेल्या. दोन्हीच्या मध्ये एक अरुंद फट, आणि ती फट दर वर्षी आपली जागा बदलते. बापाच्या तळाजवळचं गाव टिंबर क्रीक, तिथल्या पबमध्ये एव्हिसने फोन करून सांगून ठेवलं होतं. तिथल्या बाईने कळवलं, कळ्या धरल्यात. त्या दिवसापासून त्या घरातली हवा ताणलेल्या तारेसारखी झाली.

"सोमवारी निघू," एव्हिस म्हणाली.

"दुसरी स्टेपनी आली नाही."

स्टेपनी आली. मग पाण्याच्या पिंपाला वेल्डिंग हवं होतं. वेल्डिंग झालं, मग गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज त्याला पटेना. एके दिवशी तो एकटाच गाडी घेऊन टेरन्सने केलेला रस्ता बघून आला आणि टोपी टेबलावर आपटली.

"मधे उंचवटाच ठेवला नाही त्याने! रस्ता आहे की थाळी? पाणी पडलं की जागच्या जागी थांबेल."

"थांबू दे की," एव्हिस म्हणाली. "आपल्याला एकदाच जायचंय, त्याच्यावर शेती करायची नाही."

"असल्या रस्त्यावरून मी बायकोला नेणार नाही. तो परत एकदा पातं फिरवेल, मग बघू."

टेरन्सच्या कानावर हे गेलंच. तो पंपावर येऊन मला म्हणाला, "तुमचा म्हातारा माझ्या रस्त्यावर चालायला येत नाही, चाखायला येतो. मीठ कमी असेल तर सांगा म्हणावं." पण भला माणूस, कुरकुरत का होईना, ग्रेडर घेऊन परत गेला. त्यात आणखी दिवस गेले. दक्षिणेकडे, जिथे लॉर्न उगम पावते, तिथे रोज दुपारी ढगांचे निळे डोंगर उभे राहायला लागले.

एकदा क्लॅरी बाहेर गाडीखाली आडवा पडला होता आणि एव्हिस मला चहा देत होती. तिने कप समोर ठेवला, किटली उचलली आणि कपाच्या शेजारी, टेबलावर, शांतपणे चहा ओतला. तो माझ्या मांडीवर सांडला तेव्हा मी ओरडलो. तिने किटली खाली ठेवली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघण्यासाठी माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघितलं.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"वाढतंय. त्याला सांगू नकोस, लिंडसे."

"अगं, पण सांगितलंस तर तो आजच्या आज निघेल."

"तू त्याला ओळखतोस मी ओळखते तितकं? तो म्हणेल, आता दिसत नाही तर जाऊन करायचं काय. आणि आतून त्याला सुटल्यासारखं वाटेल. म्हातारा घाबरलाय रे. नदीच्या मध्यापुढे जग आहे हे त्याला माहीत नाही."

मी कबूल झालो. रोज ढग बघायचे आणि तोंड मिटून ठेवायचं, हे मला फार जड गेलं.

एका सकाळी मी पंप उघडून त्यांच्याकडे गेलो तर अंगणात वेगळंच दृश्य. गाडी भरलेली. एव्हिस चालकाच्या जागेवर बसलेली, दोन्ही हात चाकावर, डोक्याला रुमाल. क्लॅरी समोर वंगणाची पिचकारी हातात धरून उभा.

"उतर खाली," तो म्हणाला.

"फुलं आलीत. काल रात्री त्या बाईचा फोन आला. तुझी तयारी होईल तेव्हा ये मागून. मी निघाले."

"एव्हिस, वेड लागलंय का तुला? बाजूला सरक."

"का? मला गाडी येत नाही?"

"तुला रस्ता दिसतो का नीट?"

तिने चाकावरची पकड घट्ट केली. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.

"नाही," ती म्हणाली. "मधला दिसत नाही. तुझं तोंडही दिसत नाही, क्लॅरी. तुझे खांदे आणि टोपी तेवढी दिसते."

क्लॅरीने पिचकारी कुंपणाच्या खांबावर ठेवली. ती ठेवायला त्याला फार वेळ लागला. घरात गेला, दार ओढून बाहेर आला आणि गाडीचं दार उघडलं.

"सरक," तो म्हणाला, या वेळी अगदी हळू. ती सरकली.

आमच्याकडे प्रवासाला निघणारा माणूस दोन ठिकाणी सांगून निघतो: जिथून निघाला तिथे आणि जिथे पोचणार तिथे. पोचल्यावर फोन करायचा. ठरल्या वेळेपर्यंत फोन आला नाही, तर विचारत बसायचं नाही, गाडी काढून शोधायला निघायचं. त्या काळी वाटेत दुसरा काही आधार नव्हता. क्लॅरीने माझ्या पंपावरून हॉब्लीला कळवलं आणि मला म्हणाला, "दुपारच्या चहापर्यंत फोन येईल."

"नाही आला तर निघालोच म्हण."

फोन आला नाही. मी चहा करून ठेवला आणि तो तसाच राहिला. टाकीची सावली दारापर्यंत सरकली. दक्षिणेला वीज चमकत होती, आवाज मात्र येत नव्हता. म्हणजे लांब, म्हणजे नेमकी लॉर्नच्या उगमावर. मी दोरखंड, पाणी आणि कुदळ गाडीत टाकली आणि निघालो.

टेरन्सने दुसऱ्यांदा केलेला रस्ता छान होता, खोटं कशाला बोलू. क्लॅरीच्या चाकांचे ठसे स्पष्ट होते. थोड्या अंतरावर मला दिसलं, ठसे बाजूला थांबलेत, बुटांच्या खुणा आहेत, आणि रस्त्याच्या कडेला फावड्याने ताजा चर मारलाय, पाणी बाहेर जायला. पुढे गेलो, आणखी एक. ओढ्याच्या उतारावर आणखी एक, चांगला लांब, कडा दाबून नीट बसवलेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नदी चढत होती, बायकोचे डोळे चालले होते, आणि हा बाबा दुसऱ्याच्या हवाली केलेल्या रस्त्याचे चर काढत बसला होता! दुपारच्या आत सुखाने नदी ओलांडायची वेळ त्याने फावड्याने उकरून टाकली होती.

लॉर्नवर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गाडी त्या जुन्या झाडाखाली, गोल खाचेत उभी. एव्हिस पायरीवर बसलेली. क्लॅरी पाण्यापासून जरा अंतर राखून उभा होता, कारण त्या पाण्यात मगरी आहेत आणि पाय घालून खोली बघायची सोय नाही. नदी तपकिरी झाली होती. फांद्या वाहत होत्या.

"सकाळी इथे माझ्या चपला भिजल्या नसत्या," एव्हिस म्हणाली. "पण साहेबांचे चर राहिले होते."

क्लॅरीने तिच्याकडे किंवा माझ्याकडे बघितलं नाही. त्याचे डोळे पाण्यातल्या खांबावर होते. खोली दाखवणारा, आकडे रंगवलेला तो खांब त्यानेच रोवलेला.

"खांबाप्रमाणे जाता येईल," मी म्हणालो. "घाई केली तर."

"खांब माझ्या बाजूला आहे. माझ्या बाजूचं खरं सांगतो. मध्यापुढे गेल्या पावसाने तळ किती खरवडलाय, मला माहीत नाही."

"ट्रकवाल्यांना विचारलंस ना?"

"विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं." त्याने टोपी काढून हातात घेतली. "माझी चूक झाली, लिंडसे. हात थांबेनात. रस्ता संपायला आला आणि हात थांबेनात."

काठावर मी एक काटकी रोवली. बोलता बोलता पाणी तिच्यापुढे गेलं.

"परत चला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

एव्हिस उठून त्याच्याजवळ गेली. "परत जाऊ, तू म्हणशील तर. बुडायला मी इतक्या लांब आले नाही. पण पुढच्या वर्षीची आखणी करू नकोस माझ्यासमोर. नकाशा घडी घालून ठेव."

तो उत्तर देणार इतक्यात पलीकडच्या झाडीतून इंजिनाची घरघर आली. ती ऐकून क्लॅरीची मान वर झाली. तो आवाज आम्ही दोघं झोपेतही ओळखू. ग्रेडर होता. पलीकडच्या उतारावर तो येऊन थांबला आणि वरून एक धिप्पाड, काळासावळा माणूस पांढरी दाढी खाजवत उभा राहिला. हॉब्लीमध्येही चहाची वेळ टळली होती; तेही आमच्यासारखेच शोधायला निघाले होते. डिक्सन रॅगट त्याचं नाव. त्याच्या आईची माणसं पिढ्यान् पिढ्या याच नदीकाठची. पलीकडचा रस्ता तो करायचा. दोघं आयुष्यभर एकाच नदीवरून मागे फिरले होते आणि कधी समोरासमोर आले नव्हते.

"बॉडन का रे?" तो ओरडला.

"हो!"

"जिवंत आहेस?"

"तुला कसा दिसतोय?"

"मग थांबलास कशाला? माझा रस्ता चावतो का?"

एव्हिस खुदकन हसली. क्लॅरी हसला नाही. "तुझ्या बाजूचा तळ कसा आहे?" त्याने हाक घातली.

डिक्सनने दाढीवरचा हात काढला. खाली बसला आणि ग्रेडर सरळ पाण्यात घातला.

तेव्हा मला कळलं की ट्रकवाल्यांना विचारून जे कळलं नव्हतं ते आता क्लॅरीला कळतंय. ग्रेडरच्या चाकाची उंची त्याच्या हाडात बसलेली. त्या चाकावर पाणी कुठे आहे, एवढंच तो बघत होता, आणि पुटपुटत होता, "अजून बरंय... अजून बरंय... आता नाही." मध्यावर पोचण्याआधीच पुढचं चाक एकदम खचलं, यंत्र वाकडं झालं आणि पाणी डिक्सनच्या पायापर्यंत उसळलं. डिक्सनने घाई केली नाही. मागे घेतलं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला सरकला, आणि पुन्हा सावकाश पुढे आला. या वेळी पाणी चाकाच्या मध्याशीच राहिलं. तसाच तो क्लॅरीच्या खांबाशेजारून गेला, काठ चढला आणि जुन्या झाडाभोवती, क्लॅरीच्याच खाचेतून, ग्रेडर फिरवून नदीकडे तोंड करून उभा केला.

"झाड मोठं झालंय तुझं," तो वरून म्हणाला. "पलीकडून बुटकं दिसतं."

क्लॅरीने मान डोलावली.

"इंजिनाच्या पंख्याचा पट्टा काढ, गाडीच्या तोंडावर ताडपत्री बांध, पाणी आत शिरायला नको. माझ्या डाव्या चाकाच्या रेषेत यायचं. थांबलास तर नदी कोणाची वाट बघत नाही."

"आणि परत यायचं कसं?"

"परत?" डिक्सनने दक्षिणेकडे बघितलं. "नद्या ओसरल्या की, मे महिन्यात बघू."

क्लॅरीने परतीचा सगळा प्रवास आखलेला होता; मुक्काम, पाणी, सगळं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"कोंबड्यांना बघ," तो म्हणाला.

ताडपत्री आम्ही दोघांनी बांधली. पुढे ग्रेडर, मागे गाडी. पाणी दारांना लागलं, दिव्यांना लागलं. मध्यावर, जिथे आमचा जिल्हा संपतो, तिथे इंजिनाचा आवाज घुसमटला आणि गाडीची मागची बाजू प्रवाहाने हळूच ओढायला घेतली. मी दोरखंड घट्ट धरून काठावर उभा होतो, जणू त्याचा काही उपयोग होणार होता. मग आवाज पुन्हा मोकळा झाला. चाकांनी पलीकडचे गोटे पकडले, आणि दोन्ही यंत्रं पाणी गाळत, एकामागून एक, चढण चढून झाडीत दिसेनाशी झाली.

मी घरी पोचलो ते पावसातच. दुसऱ्या दिवशी लॉर्नवरचा खांब बुडाला असं कळलं.

काही दिवसांनी, दिवेलागणीला, पंपावरचा फोन वाजला. टिंबर क्रीकच्या पबमधून क्लॅरी.

"पलीकडचा रस्ता वाईट नाही," तो म्हणाला. "डिक्सनचं पातं डावीकडे जरा दाबतं. पण वाईट नाही."

"अरे, रस्त्याचं राहू दे! फुलं?"

"तिच्या बापाच्या तळावरची दोन झाडं पडलीत. एक उभं आहे. आम्ही रोज संध्याकाळी जातो. पबच्या मागेही एक आहे, ते आत्ता उमलतंय."

"तिला दिसतात का, क्लॅरी?"

तारेत सू सू असा आवाज येत होता.

"सरळ बघितलं तर नाही. मी खिडकीतून बघतोय तिला. झाड सोडून, शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी आहे. लोकांना वाटतंय म्हातारीला टाकीचं काय कौतुक. मी काल विचारायला गेलो तर म्हणाली, गप्प बस, दिसतायत." तो पुढे म्हणाला, "मला म्हणते, तूही टाकीकडेच बघ, तशी चांगली दिसतात. रोज उभं करते शेजारी."

"आणि तू उभा राहतोस?"

"मग काय करू? मे महिन्यापर्यंत दुसरं काम नाही मला." मग आवाज खाली गेला. "ठेवतो, लिंडसे. बोलावतेय. सकाळी पडतात ती फुलं."